शेपटी दिसली म्हणजे मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ नव्हे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. जुन्नरकडच्या एका किल्ल्यावर अंधाऱ्या कोठारात तुम्हाला भिंतीला धरून बसलेली वटवाघळं दिसली. त्यांना उंदरासारखी लांब, बारीक शेपटी होती. घरी येऊन शोधलंत तर ‘फ्री-टेल्ड बॅट’ हे नाव सापडलं. मग याद्या चाळल्या, तर एकाच वटवाघळाला कुणी टॅडॅरिडा म्हणतं, कुणी कीरेफॉन, कुणी मॉप्स. तेव्हा तुम्ही पाहिलेलं नेमकं कोणतं, या गटात एकूण किती प्रकार आहेत आणि पुण्याच्या आसपास त्यातले कोणते भेटतात, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या भागाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही पाहिलेलं वटवाघूळ मोकळ्या शेपटीचं नाही. ते उंदीरशेपटी, म्हणजे ऱ्हायनोपोमा. गेली वीस-बावीस वर्षं मी पुणे आणि सातारा भागात वटवाघळं मोजतो आहे, आणि ‘फ्री-टेल्ड’ म्हणून जेवढे फोटो माझ्याकडे आले त्यातले बहुतेक ऱ्हायनोपोमाचेच निघाले. चूक तुमची नाही, नावाची आहे. ‘मोकळी शेपटी’ म्हटल्यावर ज्याची शेपटी सर्वांत मोकळी दिसेल तेच डोळ्यांपुढे येणार.

नुसती शेपटी आहे की नाही हे पाहून काम भागत नाही. मागच्या दोन पायांमध्ये कातडीचा जो पडदा असतो, त्याच्याशी शेपटीचं नातं काय आहे ते पाहायचं. झाडांवर लोंबकळणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाला शेपटीच नसते. घरात रात्री शिरणारी छोटी पिपिस्ट्रेल घ्या. तिची शेपटी टोकापर्यंत पडद्यात शिवल्यासारखी असते, पडदा ताणला की इंग्रजी व्ही अक्षर दिसतं. तुमच्या ऱ्हायनोपोमाचा पडदा अगदीच आखूड, आणि त्याबाहेर सुतासारखी लांबच लांब शेपटी. आपल्याकडच्या छोट्या जातीत तर ती कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडापेक्षाही लांब भरते. लेण्यांमध्ये दिसणाऱ्या टॅफोझूसची गंमत वेगळीच. त्याची शेपटी पडद्याच्या मधोमध वरच्या बाजूनं भोक पाडून बाहेर येते, जणू सदऱ्याच्या खिशातून पेन डोकावतंय. आणि खरं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ? त्याची शेपटी जाड, मांसल असते. तिचा पुढचा भाग पडद्यात असतो आणि उरलेला बराचसा भाग पडद्याच्या मागच्या कडेतून सरळ बाहेर येतो. पडदा त्या शेपटीवर बाहीसारखा मागेपुढे सरकतो. उडताना तो ताणून घ्यायचा, आणि भिंतीवर चालताना मागे सारून पाय मोकळे करायचे. अरुंद कपारीत उलट्या पावली शिरताना हीच शेपटी आंधळ्याच्या काठीसारखी मागचा अंदाज घेते.

मोकळ्या शेपटीवाल्याच्या इतर खुणाही सांगतो, कारण शेपटीचा फोटो क्वचितच नीट येतो. तोंड चपटं, कुत्र्यासारखं, वरच्या ओठावर सुरकुत्या. कान जाड आणि कपाळावर टोपीच्या झापेसारखे पुढे झुकलेले. पायाच्या बोटांवर लांब, ताठ केस. या कुलाचं, म्हणजे फॅमिलीचं, नाव मोलोसिडी. ते प्राचीन ग्रीसमधल्या मोलोसस नावाच्या दांडग्या राखण्या कुत्र्यांवरून आलंय, आणि एकदा ते तोंड जवळून पाहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. ऱ्हायनोपोमाच्या नाकावर मात्र डुकराच्या नाकासारखी लहानशी गादी असते आणि नाकपुड्या चिरेसारख्या, मिटता येणाऱ्या.

आता वर्गीकरणाकडे वळतो, कारण खरी मेख तिथेच आहे. (एक सूचना: मी ‘प्रजाती’ जीनससाठी आणि ‘जाती’ स्पीशीजसाठी वापरतो, विश्वकोशात वापरतात तसं. वर्तमानपत्रं सर्रास उलट लिहितात.)

आम्ही शिकलो तेव्हा वटवाघळांचे दोन सरळ भाग होते: मोठी फळखाऊ एकीकडे, लहान कीटकखाऊ दुसरीकडे. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर ही भिंत पडली. आताच्या मांडणीत फळखाऊ वटवाघळं आणि ऱ्हायनोपोमा एका फांदीवर आहेत, आणि मोलोसिडी दुसऱ्या फांदीवर, पिपिस्ट्रेलच्या कुलाशेजारी. म्हणजे किल्ल्यात तुम्ही पाहिलेला तो शेपटीवाला जीव नात्यानं वडापिंपळावर लटकणाऱ्या थोराड फळखाऊंच्या जवळचा आहे, आणि ज्याच्याशी त्याची गल्लत झाली त्याच्यापासून दूरचा. शेपटी दोघांनाही, पण घराणी पार वेगळी.

मोलोसिडी कुलात आजच्या हिशेबानं सुमारे वीस प्रजाती आणि सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. आकडा मी मुद्दाम सैल ठेवतोय, कारण दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी एका जातीच्या दोन करतं, नाहीतर दोन प्रजाती एकीत घालतं. कुलाचे दोन उपविभाग. त्यातल्या एकात अख्ख्या जगात एकच जाती आहे: पेरूच्या किनारपट्टीवरचं टोमोपियास. हे चिमुकलं वटवाघूळ १९०० साली नोंदलं गेलं आणि जवळजवळ शतकभर पिपिस्ट्रेलच्या कुलात राहिलं. १९९० च्या दशकात रेणवीय पुरावा तपासल्यावर कळलं की ही मोकळ्या शेपटीवाल्यांच्या बुंध्यापासून फार पूर्वी फुटलेली फांदी आहे. बाकी सगळा पसारा दुसऱ्या उपविभागात.

आणि पसारा म्हणजे पसाराच! मलाया, बोर्निओ, सुमात्रा भागातलं कायरोमेलीस बघा. अंगावर जवळजवळ केस नाहीत, वजन दीडशे ग्रॅमच्या वर, म्हणजे कीटकखाऊ वटवाघळांतला हा पैलवान. त्याच्या बगलेखाली कातडीचे खिसे असतात. पंख मिटून त्यात खोचायचे आणि चारही पायांवर चालू लागायचं. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेतली चपट्या कवटीची वटवाघळं, खडकाच्या बोटभरही नसलेल्या फटीत घुसण्यासाठी डोकं दाबून घेतल्यासारखी. उत्तर अमेरिकेतल्या टॅडॅरिडा ब्राझिलिएन्सिसबद्दल तुम्ही वाचलं असेलच. टेक्सासमधल्या ब्रॅकन गुहेत उन्हाळ्यात त्यांची संख्या दीड-दोन कोटींच्या घरात सांगतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं त्यांच्या अंगाला छोटे आगबॉम्ब बांधायचा उद्योग केला होता. १९४३ मध्ये चाचणीत काही सुटली आणि लष्कर कार्ल्सबाडजवळचा स्वतःचाच नवा विमानतळ पेटवून बसलं.

नावं का बदलतात? पुष्कळांना वाटतं की शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही म्हणून. खरं कारण या वटवाघळांच्या जगण्यात आहे. ही उघड्या आकाशात, झाडांच्या शेंड्यांच्या खूप वर, वेगानं उडतात. त्यासाठी लांब-अरुंद पंख, आटोपशीर अंग, आखूड दाट केस हवेत, आणि ते बहुतेक साऱ्यांकडे आहेत. एकच धंदा करणारी माणसं सारखी दिसू लागतात तसं आहे हे. मग वेगळेपण शोधायचं कुठे? कवटीत आणि जबड्यात. १९८१ मध्ये पॅट्रिशिया फ्रीमन यांनी या कुलातल्या कवट्यांचा मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. जाड जबड्याची वटवाघळं टणक भुंगेरे फोडतात, नाजूक जबड्याची मऊ पतंग खातात, हे त्यातून ठसठशीत पुढे आलं. तोवर टॅडॅरिडा ही प्रजाती म्हणजे धर्मशाळा झाली होती, नाव सुचलं नाही की टाका तिच्यात. त्या अभ्यासानंतर मॉप्स, कीरेफॉन, मॉर्मोप्टेरस वगैरे मंडळी वेगळी धरली जाऊ लागली.

पण जबडा आहाराप्रमाणेही घडतो. वेगळ्या घराण्यातली दोन वटवाघळं भुंगेरे खात राहिली तर त्यांचे जबडे सारखे होऊ शकतात. डीएनए पाहिल्यावर कीरेफॉन आणि मॉप्स यांच्या जाती एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या, म्हणून आता बरेच जण दोन्ही मिळून मॉप्स असं लिहितात. आपल्या सुरकुतलेल्या ओठांच्या वटवाघळाचा प्रवास यात बघण्यासारखा आहे. बुकॅनन यांनी बंगालमधून त्याचं वर्णन केलं १८०० साली, तेव्हा ते व्हेस्परटिलिओ. जुन्या इंग्रजी ग्रंथांत निक्टिनोमस. आमच्या गुरुजींच्या वहीत टॅडॅरिडा. मी शिकलो तेव्हा कीरेफॉन. आता मॉप्स. सव्वादोनशे वर्षांत पाच घरं झाली, प्लिकेटस हे जातीचं नाव मात्र टिकलं. म्हणून यादी वाचताना दुसरा शब्द बघायचा, पहिला भाडेकरूसारखा येतो-जातो. हा माझा साधा नियम आहे आणि अजून तरी त्यानं दगा दिलेला नाही.

भारतात या कुलातल्या चार जाती धरतात: ईजिप्टियाका, टेनिओटिस, प्लिकेटस आणि रॉटनाय. टेनिओटिस खरं तर भूमध्य समुद्राकडचं, आपल्याकडच्या नोंदी तुरळक. युरोपात त्याचा आवाज माणसाला उघड्या कानांनी ऐकू येतो. पोर्तुगालमधल्या काही टेनिओटिसच्या अंगावर जीपीएस बसवून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगरावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन ही वटवाघळं रात्री दीड किलोमीटरहून जास्त उंच जातात, असं त्यात दिसलं. घारी दिवसा जे करतात ते. वेगाबद्दल मात्र जपून बोलतो. टेक्सासमधल्या टॅडॅरिडानं सपाट उड्डाणात ताशी १६० किलोमीटर गाठल्याचा २०१६ मधला दावा खूप गाजला, पण मोजमापात वाऱ्याचा वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद आहे. वटवाघळांत यांच्याइतकं वेगवान क्वचितच कुणी असेल, एवढं मी बिनधास्त म्हणेन.

प्लिकेटस गुहांमध्ये लाखोंच्या थव्यांनी राहतं, विशेषतः आग्नेय आशियात. थायलंडमध्ये ही वटवाघळं भातावरचे तुडतुडे खातात आणि त्यातून वाचणाऱ्या भाताचा हिशेबही अभ्यासकांनी मांडला आहे. मावळ-मुळशीच्या भातकऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, पण लगेच पुस्ती जोडतो की पुणे परिसरात मला स्वतःला हे वटवाघूळ कधी मिळालेलं नाही. मिळालं तर कपाळ बघायचं: दोन्ही कान कातडीच्या पट्टीनं जोडलेले असतात. ईजिप्टियाकाचे कान तसे जोडलेले नसतात.

रॉटनायबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते जवळजवळ आपल्या अंगणातलं आहे. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे, आताच्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण चालू असताना तिथली वटवाघळं लंडनला ब्रिटिश म्युझियममधले सस्तन प्राण्यांचे तज्ज्ञ ऑल्डफिल्ड थॉमस यांच्याकडे पोचली आणि १९१३ मध्ये त्यांनी नवी जाती म्हणून जाहीर केली. नाव दिलं रॉटन यांचं. हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, आणि ते सर्वेक्षण उभं राहण्यात त्यांचा मोठा हात होता. थॉमस यांनी आधी तिला निक्टिनोमसमध्ये बसवलं आणि त्याच वर्षी तिच्यासाठी ओटोमॉप्स ही वेगळी प्रजाती उभी केली. साहजिकच होतं. एवढे थोरले कान कुठल्याच जुन्या कप्प्यात मावत नव्हते. कान नाकाच्या पुढेपर्यंत येतात, त्यांच्या पुढच्या कडेला बारीक काटे, खांद्यावर फिकट पट्टा, कुशीला पांढरट किनार. काठाची शाल पांघरल्यासारखं दिसतं.

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षं जगात हे वटवाघूळ फक्त त्या एका गुहेतून माहीत होतं. २००० च्या आसपास कंबोडियात आणि मेघालयात ते सापडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या मोजक्या वटवाघळांना जागा मिळाली त्यात हे आणि सलीम अलींच्या नावाचं फळखाऊ वटवाघूळ. गंमत म्हणजे त्याच कायद्यात बाकीची फळखाऊ वटवाघळं कित्येक वर्षं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

राहिलं ईजिप्टियाका, आणि पुणेकरांना भेटलं तर बहुधा हेच भेटेल. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेले फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रा यांनी त्याचं नामकरण केलं १८१८ मध्ये. पेशवाई संपली तेच साल, म्हणून माझ्या पक्कं लक्षात आहे. आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत ही जाती पसरलेली आहे. वजन पंधरा-वीस ग्रॅम, रंग तपकिरी, मुक्काम कातळाच्या उभ्या फटीत किंवा जुन्या इमारतीच्या भेगेत. गुहेच्या छताला लटकलेलं शोधाल तर सापडणार नाही. फटीखाली भिंतीवर तेलकट तपकिरी ओघळ आणि तांदळाएवढ्या लेंड्या दिसल्या तर मान वर करा.

माझी याच्याशी पहिली ओळख कोथरूडमधल्या एका सोसायटीत झाली. जून महिना, पहिला धो धो पाऊस. वॉचमननी फोन केला, “साहेब, जिन्यात काहीतरी पडलंय. पाकोळी म्हणावी तर शेपूट उंदराचं आहे.” जाऊन बघतो तर बुटाच्या खोक्यात हे महाशय. मी तेव्हा नवखा, शहाणपणा करून त्याला गच्चीत फरशीवर ठेवलं आणि उडायची वाट बघत बसलो. ते उडेना. नुसतं तुरुतुरु पळायचं. पंख मोडला असं ठरवून मी डॉक्टरांना फोनही लावला. शेवटी वॉचमनच म्हणाले, “भिंतीला लावून बघा ना.” हातमोज्यानं उचलून पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लावलं. ते सरसर वर चढलं, कठड्यावरून स्वतःला खाली झोकून दिलं आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर पंख उघडून निघून गेलं. लांब-अरुंद पंखांचा हा तोटा. सपाट जमिनीवरून उठणं त्यांना जड जातं, उंचावरून उडी हवी. वीस वर्षांत मी हा धडा निदान पन्नास जणांना सांगितला असेल, वॉचमनचं श्रेय मात्र दर वेळी दिलंच असं नाही.

त्यांचा ‘पाकोळी’ हा शब्द माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. मराठीत पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळही आणि संध्याकाळी वाड्यांवरून किलकिलत जाणारा तो कोयत्यासारख्या पंखांचा पक्षीही. पक्षीमित्र या सरमिसळीवर वैतागतात. मला वाटतं, मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाला दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. पंखांची ठेवण तीच, उंच आकाशात कीटक टिपणं तेच, जमिनीवरून उठणं जड जाणंही तेच. पक्ष्याची दिवसपाळी संपते, वटवाघळाची रात्रपाळी सुरू होते. या वटवाघळांना मराठीत रुळलेलं नाव नाही. ‘मुक्तपुच्छ’ वगैरे शब्द मला घशात अडकल्यासारखे वाटतात. ‘रातपाकोळी’ म्हणायला माझी हरकत नाही.

ऐकायचं असेल तर दिवेलागणीनंतर वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या काठावर बसा. डिटेक्टर, म्हणजे वटवाघळांच्या हाका आपल्याला ऐकू येतील अशा करणारं यंत्र, वीस किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. पिपिस्ट्रेल याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर, भराभर टिकटिकतात. या वटवाघळांची हाक खालच्या पट्टीत आणि दोन हाकांमध्ये ऐसपैस अंतर. कारण सोपं आहे: वेगानं उडणाऱ्याला लांबचं आधी कळायला हवं, आणि उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. माणसाच्या कानाची मर्यादा वीस किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणून तरुण कानांना कधीकधी डिटेक्टरशिवाय बारीक ‘टिक्’ ऐकू येतं. माझ्याबरोबरची कॉलेजची पोरं “सर, आलं!” म्हणतात आणि मी यंत्राकडे बघून मान डोलावतो. पण नुसत्या आवाजावर शिक्का मारू नका. टॅफोझूसही उघड्यावर, खालच्या पट्टीत ओरडतं आणि दोघांची गल्लत होते. मी स्वतः एक पूर्ण हंगाम टॅफोझूसच्या हाका ईजिप्टियाका म्हणून लिहून ठेवल्या होत्या, ती वही अजून आहे.

दोन गोष्टी काळजीच्या. उघड्या हातानं वटवाघूळ धरायचं नाही, चावलं तर त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जायचं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या काही वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्याचं इथल्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं, तेव्हा लोक गुहेत धूर करायला निघाले होते. तसं करू नका. घाबरलेली वटवाघळं चहूकडे पांगतात आणि माणसांशी जवळीक उलट वाढते. आणि किल्ल्याचं, कोठाराचं नाव समाजमाध्यमांवर टाकू नका. मलाही तुम्ही ते कळवलं नाहीत, हे बरं केलंत.

पुढच्या वेळी फोटो काढाल तर फ्लॅश न लावता, लाल बॅटरीच्या उजेडात, मागच्या बाजूनं काढा. दोन्ही पाय, मधला पडदा आणि शेपटीचं मूळ एका चौकटीत आलं पाहिजे. तोंडाचे फोटो सगळेच पाठवतात.